‘तुका म्हणे’ कुठंय?

आजीला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा काकांनी ठरवलं, वर्षश्राद्धाला येणाऱ्यांना एक छोटी पुस्तिका द्यायची. आठ पानं. पहिल्या पानावर आजीचा फोटो, आत तिच्या आवडीचे अभंग. टाइप करून प्रेसला पाठवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात मराठी टायपिंग मला येतं. यादीत सगळ्यात वर बीजाचा अभंग होता. एका बीजाचं रोप होतं, त्या बीजापोटी कोट्यवधी झाडं जन्मतात, फुलं-फळं येतात, आणि शेवटी पुन्हा सगळं एकच उरतं. पहिले दोन शब्द ऐकले की तुम्हीही गुणगुणायला लागाल. आजी भाकरी थापताना तो म्हणायची. काकांनी कागदावर लिहिलं होतं, “खाली ‘संत तुकाराम’ असं टाक.”

बाकीच्या अभंगांखाली मी गाथेतला क्रमांक टाकला होता. म्हणून याचाही शोधायला बसले. दहा मिनिटांचं काम वाटलं होतं. त्यात पाच आठवडे गेले, आणि गाथेत तो सापडलाच नाही.

त्या पाच आठवड्यांत मला एक गोष्ट समजली, ती इथे मांडायची आहे. कवितेचा मूळ स्रोत शोधणं हे प्राध्यापकांच्या तळटीपेपुरतं काम आहे असं आपल्याला वाटतं. पण कविता कुणाची, कधीची आणि मुळात कशी होती हे कळलं की ती वेगळी वाचावी लागते. कधीकधी ती कविताच वेगळी निघते.

चाळीस ठिकाणी म्हणजे एकाच ठिकाणी

सुरुवात अर्थातच फोनवर केली. पहिली ओळ टाकली आणि ढीगभर निकाल आले. भक्तिगीतांची पानं, व्हिडिओंखालची वर्णनं, सुविचारांच्या इमेज. बऱ्याच ठिकाणी खाली ‘संत तुकाराम’. मला हायसं वाटलं. इतके लोक म्हणतात तर असणारच.

मग एक गोष्ट खटकली. दोन-तीन पानांवर एकाच शब्दात एकच टायपिंगची चूक होती. म्हणजे त्यांनी मजकूर स्वतंत्रपणे कुठल्या पुस्तकातून घेतलेला नव्हता, एकमेकांकडून उचलला होता. चाळीस साक्षीदार आहेत असं वाटत होतं, प्रत्यक्षात एकच होता आणि बाकीचे त्याचे प्रतिध्वनी. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक नेमकं हेच तंत्र वापरतात. दोन हस्तलिखितांत सारखीच चूक आढळली, तर ती एकमेकांवरून किंवा एकाच तिसऱ्या प्रतीवरून उतरवलेली असणार, असा ते निष्कर्ष काढतात. फोनवरही हे चालतं. किती ठिकाणी छापलंय ते मोजू नका, त्यातली सगळ्यात जुनी जागा कोणती ते विचारा.

एका चॅटबॉटलाही विचारलं. त्याने न अडखळता अभंग क्रमांक दिला. त्या क्रमांकावर दुसराच अभंग होता. मी चूक दाखवली तर त्याने माफी मागून दुसरा क्रमांक दिला. तोही चुकला.

मग गाथा उघडली. बहुतेक छापील गाथांमध्ये अभंगांच्या पहिल्या शब्दांची वर्णानुक्रमे सूची असते. साडेचार हजारांच्या आसपास अभंग असले तरी तिच्यामुळे एखादा अभंग शोधायला मिनिटभर पुरतो. पण क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून नुसता क्रमांक देऊन भागत नाही, कोणती गाथा तेही सांगावं लागतं. सूचीत माझा अभंग नव्हता. दुसऱ्या गाथेतही नव्हता.

तालुक्याच्या वाचनालयात गेले. तिथल्या काकूंना ओळ म्हणून दाखवली, पुढच्या ओळीही म्हटल्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “अभंग म्हणतेस, मग ‘तुका म्हणे’ कुठंय?”

मी शेकडो वेळा ऐकलेलं गाणं. त्यात ‘तुका म्हणे’ नाही, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

सालोमालो उलटा

उत्तर फोनवरच होतं, मी चुकीच्या पानांवर शोधत होते. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर प्रत्येक गाण्याखाली गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावं असतात. या गाण्याचे गीतकार शांताराम आठवले, संगीतकार केशवराव भोळे, स्वर विष्णुपंत पागनीसांचा. चित्रपट ‘संत तुकाराम’, प्रभात फिल्म कंपनी, १९३६, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. चित्रपटात तुकोबांचे खरे अभंग आहेत आणि त्यांच्या शेजारी आठवल्यांनी लिहिलेलं हे गाणं आहे. पागनीसांनी दोन्ही एकाच भावाने म्हटली, आणि लोकांनी दोन्ही एकाच नावावर जमा केली.

चित्रपट पाहिला असेल तर यातली गंमत लक्षात येईल. त्यातला खलनायक सालोमालो हा तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो. पडद्यावर ही चोरी चालू असताना त्याच चित्रपटाच्या गीतकाराच्या बाबतीत उलटं घडलं. त्याने लिहिलेलं तुकोबांच्या नावावर गेलं. तेही कुणी चोरलं म्हणून नव्हे, आवडलं म्हणून.

यात आठवल्यांनी फसवलं का? मला वाटतं, इथेच गाणं नीट वाचायला हवं. संतकवितेत नाममुद्रा ही कवीची सही असते. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनीं’. तुकोबांचे भाऊ कान्होबा यांचे अभंग गाथेत आहेत, तिथे ‘तुकयाबंधु’ अशी मुद्रा येते, म्हणून ते वेगळे ओळखता येतात. ‘तुका म्हणे’ हे दोन शब्द शेवटी टाकणं आठवल्यांना अवघड नव्हतं. प्रसंग तुकारामांचा, तोंड तुकारामांचं, प्रेक्षकाने मागितलीच असती अशी ती सही. ती त्यांनी केली नाही. गाणं मुद्रेशिवाय संपतं. त्यांनी आपलं लेखन तुकोबांच्या वातावरणात ठेवलं, पण खाली त्यांचं नाव घातलं नाही. ते आपण घातलं.

आता गाणं तुकारामांचं नाही हे धरून पुन्हा ऐकलं की बाकीच्याही खुणा दिसतात. त्याची ठेवण अभंगाच्या चरणांची नाही. ओळी आखूड आहेत, शब्द परत परत येतात, चालीवर झुलावेत असे. त्यात विठ्ठल नाही, पंढरी नाही. देव आहे तो ‘अनंत’, शेवटी ब्रह्म. मुख्य म्हणजे त्यात भांडण नाही. गाथेतले तुकोबा देवाशी हुज्जत घालतात, स्वतःला दोष देतात, ढोंगी माणसाला झोडतात, दुष्काळ आणि दिवाळं सांगतात. त्यांच्या अभंगात ‘तुका म्हणे’ येतं तेव्हा एक माणूस पुढे येऊन बोललेल्याची जबाबदारी घेतो. बीजाच्या गाण्यात असा माणूस नाही. तिथे एक प्रसन्न, सोपा सिद्धान्त आहे, लहान मुलालाही समजेल असा. गाणं म्हणून ते उत्तमच आहे. अद्वैत इतक्या थोड्या शब्दांत, एकही जड तर्क न मांडता सांगणं सोपं नाही.

पण ते आपण तुकोबांचं प्रातिनिधिक काव्य म्हणून पुढे पाठवतो, तेव्हा दोघांवर अन्याय होतो. आठवल्यांचं नाव जातं, हा एक. ज्यांनी पुढच्याच वर्षी ‘कुंकू’ची गाणी लिहिली आणि नंतर ‘वहिनींच्या बांगड्या’, ‘शेवग्याच्या शेंगा’ दिग्दर्शित केले, त्या माणसाची सगळ्यात पोचलेली रचना त्याच्या नावाने ओळखली जात नाही. दुसरा अन्याय तुकोबांवर. त्यांच्या नावावर जितकं गोड आणि निरुपद्रवी साहित्य जमा होतं, तितके ते स्वतः गोड आणि निरुपद्रवी वाटायला लागतात. चुकीचं श्रेय कवीला मोठं करत नाही, त्याचा स्वभाव बदलतं.

हे मराठीतच घडतं असं नाही. भिंतीवर चढताना पडणाऱ्या आणि पुन्हा चढणाऱ्या मुंगीची हिंदी कविता आपण सगळ्यांनी हरिवंशराय बच्चन यांच्या नावाने ऐकली आहे. ती सोहनलाल द्विवेदी यांची आहे, हे खुद्द अमिताभ बच्चन यांनी जाहीरपणे सांगितलं. तरी फॉरवर्डमध्ये बच्चनच आहेत. कमी प्रसिद्ध कवीची कविता प्रसिद्ध कवीकडे सरकते. उलटा प्रवास क्वचितच होतो.

नाव बरोबर, कविता चूक

या शोधात माझा फोन कवितांच्या पानांनी भरून गेला. तेव्हा दिसलं की नाव बरोबर असलं तरी मजकूर बरोबर असेलच असं नाही.

मर्ढेकरांची उंदरांची कविता घ्या. १९४७ च्या ‘कांही कविता’ या संग्रहातली. दोन-तीन फॉरवर्डमध्ये तिची पहिली ओळ अगदी सरळ, वाचायला सोपी अशी आली होती. ओल्या पिपात उंदीर मेलेत, एवढंच सांगणारी. पुस्तकात बघितलं तर ती ओळ मोडलेली आहे. पिपाचं विशेषण पिपापासून तोडून लांब टाकलंय, मध्ये क्रियापद घुसलंय आणि कर्ता शेवटी फेकलाय. कुणा भल्या माणसाने टाइप करताना व्याकरण ‘सुधारलं’ असणार.

पण कविता तिथेच तर होती. ती मोडकी ओळ वाचताना आपण क्षणभर अडखळतो. काय ओलं आहे, कोण मेलंय, हे जुळवायला लागतं. मेलेल्यांचे अवयव इकडेतिकडे पडावेत तसे शब्द पडलेत. शेवटच्या ओळीत उंदीर पुन्हा येतात आणि तिथे शब्दांचा क्रम सरळ होतो. मोडक्या वाक्यातून सरळ वाक्यापर्यंतचा हा प्रवास मर्ढेकरांनी बांधलेला आहे. पहिली ओळ सरळ केली की शेवटच्या सरळपणाला काही अर्थच राहत नाही.

याच कवितेतलं जगण्या-मरण्याच्या सक्तीबद्दलचं विधान सुटं काढून सूर्यास्ताच्या फोटोवर लावलेलंही मला दिसलं. तिथे ते एखाद्या थकलेल्या माणसाचा सुविचार वाटतं. कवितेत ते बिळात जगलेल्या आणि पिपात मेलेल्या प्राण्यांच्या मध्ये उभं आहे, नुकत्याच संपलेल्या महायुद्धाच्या सावलीत. स्रोत हरवला की कवितेचं काय होतं याचं याहून स्पष्ट उदाहरण मला सापडलं नाही. शब्द तेच राहिले, उंदीर गेले.

बहिणाबाईंच्या बाबतीत हे ‘सुधारणं’ आणखी खोल जातं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणत आणि मुलगा सोपानदेव व एक नातेवाईक उतरवून घेत. १९५१ मध्ये त्या गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये छापून आली. म्हणजे हातात आहे ती एका बोललेल्या गोष्टीची लिखित नोंद. तिच्यात खानदेशी बोली आहे, जिच्यात ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ होतो. फॉरवर्डमध्ये हे उच्चार प्रमाण मराठीत आणून ठेवलेले असतात. वाचायला सोपं जातं, पण बाई बोलायची थांबते.

यावर कुणी म्हणेल, लोकपरंपरेत कवितेला मालक कुठे असतो? ती बदलत जाणारच. मुद्दा खरा आहे, पण त्याचं उत्तर लोकपरंपरेच्या अभ्यासकांनीच देऊन ठेवलंय. जात्यावरच्या ओव्यांना कवयित्री नसते. तरी हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि कुणी गायली, कोणत्या गावात गायली याची नोंद ठेवली. आज त्यातल्या कितीतरी ओव्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात, गाणारीच्या नावासकट. निर्माती माहीत नसेल तर निदान ज्या तोंडून ऐकलं ते तोंड तरी सांगता येतं. ‘अनामिक’ लिहिण्यात लाज नाही. माहीत नसताना मोठं नाव लिहिण्यात आहे.

फोन कुठे थांबतो

शोधताना उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगते.

फोनवर जुनं पुस्तक सापडत नाही याचं एक साधं कारण शुद्धलेखन आहे. आजचे लेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार असत. मर्ढेकरांच्या संग्रहाच्या नावातही तो आहे. तुम्ही आजच्या पद्धतीने ओळ टाकली तर जुना पाठ निसटू शकतो, म्हणून अनुस्वार देऊनही शोधा. दुसरं, इंटरनेट आर्काइव्हवर हजारो मराठी पुस्तकं आहेत, पण त्यातली बरीच म्हणजे पानांचे फोटो. मशीनला त्यातली अक्षरं नीट वाचता येत नाहीत, म्हणून आतली ओळ सर्चमध्ये येत नाही. पुस्तकाचं किंवा कवीचं नाव टाकून पुस्तक मिळवायचं आणि अनुक्रमणिका डोळ्यांनी वाचायची.

तिसरी अडचण कायद्याची, आणि ती रास्त आहे. भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क असतो. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांचं लेखन आता खुलं आहे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०५९ संपेपर्यंत थांबावं लागेल. म्हणजे आपल्या जवळच्या काळातल्या कवींचा अधिकृत पाठ नेटवर फुकट मिळणार नाही. नेमक्या याच कवींच्या नावावर सगळ्यात जास्त फॉरवर्ड फिरतात, हा योगायोग नसावा. त्यांचा संग्रह विकत घ्या किंवा वाचनालयात जा.

वाचनालयात गेलात तर नुसतं कपाटासमोर उभं राहू नका, सूची मागा. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली आणि नंतर ती १९५० पर्यंत आणली. मराठी नियतकालिकांचीही अशी सूची आहे. कविता संग्रहात येण्याआधी बहुतेकदा मासिकात येते, म्हणून नियतकालिकांची सूची फार कामाची. गूगलच्या कितीतरी आधी ही माणसं एकेक पुस्तक हातात घेऊन नोंदवत होती. एखादा ग्रंथ कुठेच मिळेना तर मुंबईला टाउन हॉलमध्ये मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९५४ च्या कायद्याने देशातल्या प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांत जायला हवी, त्यातलं ते एक.

आणि एक नाव लक्षात ठेवा, वि. ल. भावे. १८९३ मध्ये ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणाऱ्यांत ते होते. याच भाव्यांनी पुढे तुकोबांचे टाळकरी संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून तुकोबांची ‘अस्सल’ गाथा छापली. १८६९ आणि १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भागांत गाथा आली होती, तरी त्यांना आणखी मागे जायचं होतं, तुकोबांच्या जवळात जवळ. इंद्रायणीत वह्या बुडवल्या गेल्याची कथा सांगणाऱ्या समाजात एक माणूस वह्या शोधत फिरतो आणि पुस्तकांसाठी घर बांधतो, ही मला एकाच कामाची दोन टोकं वाटतात.

आजीचं म्हणणं

पुस्तिका प्रेसला जायच्या आदल्या रात्री मी हे सगळं घरी सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. “म्हणजे आई जन्मभर सिनेमातलं गाणं अभंग म्हणून म्हणत होती?” मग जरा वेळाने, “राहू दे गं. तुकाराम टाक. कोण बघतंय?”

त्यांची अडचण मला समजत होती. आईच्या श्राद्धाच्या पुस्तिकेत चित्रपटगीत छापायचं म्हणजे आईची भक्तीच कमी ठरवल्यासारखं.

तेव्हा आत्या बोलली. ती इतका वेळ भाजी निवडत ऐकत होती. “आई कधी ‘तुकारामांचं’ म्हणालीच नाही. ती ‘तुकारामातलं’ म्हणायची. लहानपणी जत्रेत, तंबूत बघितला होता तिने. पागनीस विमानात बसून वैकुंठाला जातो तेव्हा बायका उठून हात जोडायच्या, हे मला किती वेळा सांगितलंय.”

मला आठवलं. ‘तुकारामातलं म्हणते’ असंच ती म्हणायची. मी ते शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि माझ्यापुरतं त्याचं ‘तुकारामांचं’ करून टाकलं होतं. मूळ स्रोत तिने दरवेळी सांगितला होता. फॉरवर्ड करताना चूक आम्ही केली.

काका काही बोलले नाहीत. माझ्या हातातला कागद घेऊन ‘संत तुकाराम’वर रेघ मारली आणि मला म्हणाले, “नीट सांग, काय लिहायचं.” पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर त्या गाण्याखाली आता असं आहे: गीत – शांताराम आठवले, चित्रपट ‘संत तुकाराम’ (प्रभात, १९३६). त्याच्याखाली लहान अक्षरांत काकांनी स्वतःहून एक ओळ घालायला सांगितली: आईने हे जत्रेतल्या तंबूत ऐकलं.